चांगलं बोलायची बंदी

"चांगलं बोलायचं नाही," वकीलबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या. "अक्का, इकडे बघा. हेमराज चांगला आहे, गुणाचा आहे, लाखात एक आहे, यातलं एक अक्षर तोंडातून जाता कामा नये."

जळगावच्या कोर्टाच्या आवारात निंबाच्या झाडाखाली तिघी उभ्या होत्या. धुरपदाबाईच्या काखेत पिशवी होती, पिशवीत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरी आणि एक पत्र्याचा डबा. शेजारीण ताईबाई पदराचं टोक दातात धरून काळ्या कोटांची ये-जा बघत होती. मार्गशीर्षाचं ऊन अजून कोवळं होतं.

"आनि वाईट?" धुरपदाबाईने विचारलं.

"वाईट तर नाहीच नाही."

"मंग बोलानं काय?"

"डोळ्यांनी बघितलं ते. त्या पहाटे हेमराज कुठे होता आणि काय करत होता. तो माणूस कसा आहे, ते नाही."

धुरपदाबाई विचारात पडली. साठ वर्षांत तिला पुष्कळ गोष्टींची बंदी झाली होती. लहानपणी शाळेची, सासरी आल्यावर मोठ्याने हसण्याची, नवरा गेल्यावर हिरव्या बांगड्यांची. चांगलं बोलायची बंदी मात्र कोणी घातली नव्हती.

"पन काबर वं ताई?"

वकीलबाईंनी घड्याळ बघितलं आणि फाइल काखेत मारली. वकीलबाई म्हणजे नूतन चौधरी, सरकारने दिलेल्या, फी न घेणाऱ्या, मूळच्या सावद्याच्या. वयाने हेमराजहून लहानच असतील.

"त्याला आधी एकदा शिक्षा झालीय ना, धुळ्याच्या जेलात आठ महिने? ते आज कोर्टासमोर येत नाही. कायदाच येऊ देत नाही. मागे चोरी केली म्हणजे आताचीही यानेच केली, असं माणसाचं मन लगेच धावतं. म्हणून ते दार लावून ठेवलंय. पण आपण जर म्हटलं, पोरगा चांगला आहे, की कडी आपणच काढली. सरकारी वकील म्हणणार, चांगला? मग हा कागद बघा, साहेब."

"म्हंजे चांगलं बोलनं का वाईटले वाट मियस."

"अगदी तसंच."

"आनि साहेबले ते माहीतच नही?"

"असेलही कदाचित. पण निकालात धरायचं नाही."

"माहीत शे आनि धरानं नही," धुरपदाबाईने ते वाक्य सुपारीसारखं गालात ठेवलं आणि हळूहळू चघळत जिना चढू लागली.

धुरपदाबाईला कोणी विचारलं असतं की तुझा धंदा काय, तर ती म्हणाली असती, उन्हाळ्यात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड थापणं आणि एरवी कापूस वेचणं. पण धरणगावच्या अलीकडचं ते गाव तिला ओळखत होतं तिच्या गळ्यामुळे. कुणाच्या अंगणात हळद लागो की ज्वारीचे बिबडे पडोत, धुरपदाबाईला बोलावणं जायचं. हात कामात आणि तोंड ओवीत. ज्याचं नाव घ्यायचं त्याच्या पदरात दोन बरे शब्द टाकल्याशिवाय पुढे सरकायचं नाही, ही तिच्या माहेरची रीत. लंगड्याला ती ओवीत घोड्यावर बसवी, आणि कंजुषाच्या दारात आंब्याचं बन लावी. तिच्यामुळे साऱ्या गल्लीलाच खोड लागली होती. नाव घेतलं की मागोमाग एक बरा शब्द, भाकरीवर चटणी यावी तसा.

हेमराज तिच्या पोटचा नव्हता. ती या घरात आली तेव्हा तो चार वर्षांचा होता. आई गेलेली, नाक वाहतंय आणि हातात सायकलचा मोडका पंप. गल्लीचे सगळे डोळे नव्या नवरीवर. सावत्र आई पहिला चिमटा कधी काढते, याची लोक वाट बघत होते. म्हणून तिच्या ओव्यांत सगळ्यांत जास्त नाव त्याचंच येऊ लागलं. आधी लोकांच्या भीतीने. मग कधीतरी भीती गळून पडली आणि ओवी तेवढी राहिली.

बिबडा टाकू टाकू, ऊन उतरनं अंगनी
हेमराज मना दिवा, नको इझू रे वारानी

बाविसाव्या वर्षी वारं आलंच. कुणाच्या तरी नादाने त्याने शेतातल्या विहिरींवरच्या मोटारी खोलल्या, तांबं विकलं, सापडला आणि कबूल झाला. आठ महिन्यांनी धुळ्याहून परत आला तेव्हा तिने त्याला उंबऱ्याबाहेर उभं करून विचारलं होतं, "पुरं व्हयनं?" तो म्हणाला, "हां माय." त्यानंतर अकरा वर्षं त्याने मोटारींचंच काम केलं, पण आता बिघडलेल्या मोटारी लोक आपल्या पायाने आणून देत आणि तो त्यांच्यात नवं तांबं भरी.

गेल्या फाल्गुनात शालिग्राम पाटलांच्या मळ्यातून पहाटे पाचला दोन मोटारी गेल्या. राखणदार मगन आडवा आला तर त्याच्या डोक्यात पान्हा बसला, सात टाके पडले. मगनने पाहिली होती ती फक्त एक पळणारी पाठ. मग पोलिसांनी हेमराजचं नाव काढलं आणि त्या पाठीला तोंड आलं. दुकानात तांब्याची तार सापडली. रीवायंडिंगच्या दुकानात दुसरं काय सापडणार? तेव्हापासून नऊ महिने तो आत होता. गुन्हा शाबीत झाला तर सात वर्षांच्या खाली सुटका नाही, असं वकीलबाईंनी सांगून ठेवलं होतं.

आणि ती पहाट नेमकी बिबड्यांची होती. भिजवून आंबवलेल्या ज्वारीचं पीठ पातेल्यात शिजायला लागलं की त्याचा घाटा होतो, आणि घाटा ढवळायचा लाकडी दांडा थांबवायचा नसतो. थांबला की घाटा तळाला लागतो, मग करपट वास सगळ्या बिबड्यांत उतरतो. धुरपदाबाईचा उजवा खांदा दोन वर्षांपासून धरलेला. त्यामुळे चारपासून उजाडेपर्यंत दांडा हेमराजच्या हातात होता. ताईबाई पाचच्या आधीच शेजारून आली होती, तिने ते बघितलं होतं. एवढंच आज सांगायचं होतं.

वर कोर्टाबाहेरच्या बाकावर शालिग्रामभाऊ आणि मगन बसलेले. मगनची साक्ष मागच्या तारखेलाच झाली होती. भाऊंनी त्याला सोबत म्हणून आणलं होतं.

"ये अक्का, बस," मगन सरकला. भांगाच्या बाजूला टाक्यांची पांढरी रेघ दिसत होती.

धुरपदाबाई त्याच्या शेजारी टेकली. मगनवरही तिची एक ओवी होती, त्याच्या बहिणीच्या हळदीत जुळवलेली. मगन मना भाऊ, रानना राखनदार, त्याना काठीले भेये सावलीना बी चोर. ती आठवली आणि तिने ती गिळून टाकली. आज सगळंच गिळायचा दिवस होता.

"अक्का, राग मानू नको," मगन खालच्या आवाजात म्हणाला. "पन तूच सांग. ज्यानी एकदाव मोटार खोली, त्यानी नही ते मंग कोनी?"

"मगन, तू एक सालले पिईसन भाऊना बैल सोडी दिधा व्हता. याद शे?"

"बारा वरीस व्हयनात त्याले."

"आनि परवदिन वरली गल्लीमातली म्हैस सुटनी. तूच सोडी व्हशी."

मगन हसला. हसताना त्याचा हात आपोआप टाक्यांकडे गेला. "नही वं. परवदिन मी सासरवाडीले व्हतू."

"हां. मंग ते सांगाले सासरवाडीना कोनी मानूस लागस ना? मी त्याच कामले येल शे."

शालिग्रामभाऊंनी घसा खाकरला. भाऊ तालुक्याच्या कॉलेजात शिकलेले; बोलणं शहरी. "अक्का, थट्टा बाजूला ठेव. मला खरंच कळत नाही. तो आत जाऊन आला हे खरं आहे की नाही? आहे. मग खरं तेच साहेबांसमोर ठेवायला बंदी? मी सरकी घ्यायला गेलो तरी आधी विचारतो, मागल्या साली उगवली होती का. यात माझं काय चुकलं?"

धुरपदाबाईला ते खोटं वाटलं नाही. तीसुद्धा ज्वारी घेताना आधी जुन्या पोत्यात हात घालून बघायची. भाऊंच्या दोन मोटारी गेल्या होत्या, ऐन पाण्याच्या दिवसांत गहू वाळला होता, आणि मगनचं रक्त तर सगळ्या गावाने बघितलं होतं.

"सरकी नही उनी ते उकिरडावर टाकी देवो, भाऊ," ती थोड्या वेळाने म्हणाली. "पोऱ्याले कोठे टाकानं?"

तेवढ्यात शिपायाने दारात येऊन तिचं नाव पुकारलं. तीनदा पुकारलं. पूर्ण नाव, मधे नवऱ्याचं, मागे आडनाव. आपलं नाव कोणी इतक्या मोठ्याने आणि इतक्या कोरडेपणाने घेतलेलं तिने कधी ऐकलं नव्हतं.

आतली खोली तिला वाटली होती त्याहून लहान निघाली. उंचावर साहेब, त्यांच्या पुढ्यात टाइप करणाऱ्या बाई, बाईंपुढे चकाकता पडदा. मागच्या भिंतीशी लाकडी कठड्याच्या आत हेमराज. दाढी वाढलेली, शर्ट खांद्यावर लोंबतोय. तिने त्याच्याकडे एकदाच बघितलं. दुसऱ्यांदा बघितलं तर ओवी बाहेर पडेल, हे तिचं तिला माहीत होतं.

खरं सांगेन म्हणून शपथ झाली. वकीलबाईंनी विचारलं, तिने सांगितलं. साहेब खानदेशातले नव्हते. त्यांनी मधेच विचारलं, "घाटा म्हणजे?"

हा प्रश्न तिला फार आवडला. तिने ज्वारी तीन दिवस भिजवण्यापासून सुरुवात केली, लसूण-तिळापर्यंत आली, दांडा कसा धरायचा ते दोन्ही हातांनी दाखवलं. टाइप करणाऱ्या बाई थांबून ऐकत राहिल्या. साहेब म्हणाले, "ज्वारीचं शिजवलेलं पीठ, असं घ्या." इतक्या मोठ्या घाट्याचे तीनच शब्द झाले, याची तिला गंमत वाटली.

मग सरकारी वकील उठले. वयस्कर, सभ्य, चष्मा कपाळावर.

"तुम्ही हेमराजच्या आई?"

"हां."

"सख्ख्या?"

"नही. पन..." पुढचं सगळं गळ्याशी येऊन उभं राहिलं. सायकलचा पंप, उंबरा, अंगणातलं ऊन. वकीलबाईंचं पेन हवेत थांबलं होतं. "नही," ती पुन्हा म्हणाली.

"सावत्र मुलासाठी एवढ्या लांब साक्ष द्यायला आलात. इतका विश्वास कशामुळे?"

वकीलबाई अर्ध्या उठल्या. पण त्या बोलायच्या आत खोलीत जरा शांतता झाली, आणि त्या शांततेत तिला मागच्या कठड्यातून श्वास ऐकू आल्यासारखा झाला. आता बोललं तर संधीचं सोनं. तीस वर्षं जे ती न विचारता गात आली, ते आज पहिल्यांदा कोणीतरी विचारत होतं. मागच्या बाकावर भाऊ होते, मगन होता, म्हणजे गाव होतं. आणि तो होता.

"साहेब," ती म्हणाली, "इस्वासनं माले काही इचारू नका. दांडा कोना हातमा व्हता, ते इचारा."

साहेबांनी कागदावरून मान वर केली. सरकारी वकिलांनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"बरं, तेच विचारतो. चार ते सहा, दोन तास. मधे तो लाकडं आणायला, पाणी आणायला बाहेर गेलाच असेल."

"नही. गया राहता ते घाटा लागी जाता."

"लागला नाही कशावरून?"

तिला याच प्रश्नाची आशा होती. तिने पिशवीतून पत्र्याचा डबा काढला आणि आपल्या पुढच्या कठड्यावर ठेवून झाकण उघडलं. आत कोरडे, पातळ, पांढुरके बिबडे एकावर एक रचलेले. "हाई त्याच दिसना शेत. एक मोडी देखा, साहेब. करपेल वास येस का?"

खोलीत हसू पसरलं. लसूण, तीळ आणि जुन्या उन्हाचा वास हसण्यामागून आला आणि टेबलांमधून फिरला.

"आजी, डबा बंद करा," साहेब म्हणाले. "हा पुरावा म्हणून घेता येणार नाही."

"खावाले बी नही?"

"खायलाही नाही." त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. "ठेवा आत."

तिने झाकण लावलं. वास मात्र डब्यात परत गेला नाही. डबा नको म्हणता येतो, पण नाकात गेलेलं कोण काढतं, असा विचार करत ती मागे जाऊन बसली. पुढच्या बाकावर भाऊ मगनच्या कानाशी वाकले होते. त्यांचा आवाज पाटलांचा, कानात सांगितलं तरी तिच्यापर्यंत येई. "बघ. एक शब्द चांगला बोलली नाही. सख्खी असती तर?"

ताईबाईला बोलावलं. ताईबाईने सगळं सरळ सांगितलं. पाचच्या आधी आली, चूल पेटलेली होती, हेमराज घामाने भिजला होता, दांडा त्याच्याच हातात. वकीलबाईंनी "बस, झालं" म्हणून कागद मिटला. तेवढ्यावर ताईबाई खाली उतरली असती तर बरं होतं. पण तिने हेमराजचं नाव घेतलं होतं, आणि नावामागे काहीच ठेवलं नव्हतं. ते तिला भाकरी कोरडी वाढल्यासारखं झालं असावं. पायरीवर एक पाय टाकून ती वळली आणि साहेबांना म्हणाली, "पोऱ्या लाखमा एक शे, साहेब. कोनी काडीले हात लावाना नही."

वकीलबाईंनी डोळे मिटले.

सरकारी वकील सावकाश उठले. त्यांच्या फाइलमधून एक कागद बाहेर आला, घडी घातलेला. "साहेब, आरोपीच्या चांगल्या वर्तनाचा पुरावा बचाव पक्षाने दिला आहे. आता उत्तर द्यायचा मला हक्क आहे."

"मी विचारलं नव्हतं," वकीलबाई म्हणाल्या. "साक्षीदार आपणहून बोलल्या. त्या वाक्यावर मी विसंबत नाही. ते नोंदलं जाऊ नये."

"बोललेलं परत तोंडात जात नाही, मॅडम."

ताईबाई पायरीवर तशीच उभी, एक पाय वर, एक खाली. आपण काय मोडलं हे तिला कळत नव्हतं, पण काहीतरी मोडलं हे कळलं होतं. धुरपदाबाईची नजर त्या घडीच्या कागदावर होती. केवढासा कागद. तिच्या पोराचे आठ महिने त्यात मावले होते, नंतरच्या अकरा वर्षांना मात्र त्यात जागा नव्हती.

साहेबांनी पाण्याचा घोट घेतला. मग टाइप करणाऱ्या बाईंना विचारलं, "झालं का टाइप?"

"अर्धं वाक्य झालंय, साहेब."

"काढून टाका. विचारलं त्याचं उत्तर तेवढं राहू द्या." आणि सरकारी वकिलांकडे वळून म्हणाले, "तो कागद आता नको. त्याची वेळ निकालानंतर, आलीच तर."

सरकारी वकिलांनी मान लववली आणि कागद पालथा ठेवला.

धुरपदाबाई बसल्या जागी पुढे झुकून पडद्याकडे बघत होती. तिला वाचता येत नव्हतं. तरी तिने पाहिलं. ओळीच्या शेवटून काळी अक्षरं एकेक करून मागे सरत गेली, जशा उन्हात मुंग्या बिळात जातात, आणि त्या जागी नुसता पांढरा उजेड राहिला.

बाहेर आल्यावर ताईबाई भिंतीला टेकून रडत होती. "मी खरंच बोलनी ना वं अक्का. काय खोटं बोलनी?" धुरपदाबाईने तिला भाकरी काढून दिली. मग पोलीस हेमराजला घेऊन बाहेर आले. तो तिच्या हातभर अंतरावरून गेला. त्याने ताईबाईकडे बघून मान हलवली. धुरपदाबाईकडे त्याने बघितलं नाही. ती डबा पुढे करणार होती, तो तसाच पोटाशी राहिला.

जिना उतरताना तिने वकीलबाईंना विचारलं, "त्या बाईनी पुसात ती अक्षरं कोठे गयात?"

"कुठेच नाही. पुसली गेली."

"आनि साहेबना कानमातली?"

वकीलबाई दोन पायऱ्या उतरल्या. "त्याला बटण नाही, अक्का. ती त्यांनी स्वतःच बाजूला ठेवायची. निकाल लिहीपर्यंत रोज ठेवायची. जमतं का कोणाला, मलाही माहीत नाही. पण नियम तोच."

धुरपदाबाई उतरता उतरता थांबली. खाली निंबाच्या झाडाखाली लोकांची गर्दी होती. तीस वर्षांपूर्वी चार वर्षांचा एक पोर तिच्या ताटात जेवायला बसला होता. तो दुसरीच्या पोटचा, हे तिला माहीत होतं. रोज माहीत होतं. तो तापला तेव्हा, चोरी करून आला तेव्हा, आज कठड्यात उभा होता तेव्हाही.

"ठेवता येस," ती म्हणाली. "पहिले जड जास. मंग हातले सवय व्हस."

कशाला सवय, ते वकीलबाईंनी विचारलं नाही.

पौष संपता संपता निकाल लागला. पाठीवरून माणूस ओळखता येत नाही आणि तांब्याच्या तारेवर कुणाचं नाव नसतं, अशा अर्थाचं साहेबांनी लिहिलं होतं. हेमराज सुटला. पालथा ठेवलेला कागद पालथाच राहिला.

पण गावात टाइप करणाऱ्या बाई नव्हत्या. काय घ्यायचं आणि काय घ्यायचं नाही, हे सांगायला उंचावर कोणी बसलेलं नव्हतं. तो कागद कोर्टाने वाचला नाही. गावाने मात्र रोज वाचला, पिठाच्या गिरणीवर, एसटीच्या थांब्यावर, त्याच्या दुकानासमोरून जाताना. महिनाभरात दुकानात तीन मोटारी आल्या, त्याही परगावच्या. भाऊंनी दोन नव्या मोटारी घेतल्या आणि त्यांच्याभोवती लोखंडी पिंजरे करून घेतले. पिंजऱ्यांचं काम त्यांनी धरणगावच्या माणसाला दिलं. मगन एकदा बिघडलेला टेबलफॅन घेऊन आला, दुरुस्तीचे पैसे देऊन गेला, आणि जाताना म्हणाला, "पाठ ते तुनीच वाटनी व्हती रे." हेमराज म्हणाला, "व्हई."

जामनेरला जीवराम नावाचा त्याचा ओळखीचा होता, त्याने बाजार समितीजवळ अर्धं दुकान देऊ केलं. जायच्या सकाळी हेमराज पान्हे पोत्यात भरत होता. धुरपदाबाई उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती.

"माय," तो पोत्यात बघतच म्हणाला, "कोर्टमा तू गप बसनी."

"हां."

"मी जनममा तुले गप बसेल देखं नव्हतं."

"मंग?"

"पहिले चार दिन वाईट वाटनं." त्याने पोत्याचं तोंड सुतळीने आवळलं. "मंग इचार करा, इतली बोलनारी बाई गप बसनी, म्हंजे मन्हं काही ते मोठं काम व्हई."

तिने लसणाच्या पाकळ्या मूठभर उचलून पुन्हा सुपात टाकल्या. गळ्यात ओवी होती, अगदी ओठांपर्यंत. पण गल्लीच्या टोकाला रिक्षा उभी होती, रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. हेमराजने पोतं खांद्यावर घेतलं आणि वाकून तिच्या पायाला हात लावला. डबा तिने त्याच्या पिशवीत आधीच ठेवला होता.

फाल्गुन आला. धुरपदाबाईच्या अंगणात पुन्हा चूल पेटली. ताईबाई आली, वरच्या गल्लीतल्या दोघी आल्या. घाटा चढला, आणि दांडा तिने स्वतः धरला. मधून मधून ताईबाई घेई, पण ताईबाईचा हात उथळ, तळापर्यंत पोचत नसे. म्हणून ती पुन्हा आपल्याकडे ओढून घेई. खांदा दुखायला लागला तशी तिने ओवी धरली. एकेका घराला, एकेका माणसाला दोन दोन बरे शब्द देत ती पुढे सरकली. मगनची काठी आली. भाऊंच्या मळ्यात पाणी खळाळलं. मग बिबडा टाकू टाकू असं म्हणून ती हेमराजच्या नावापाशी आली, आणि तिथे बराच वेळ राहिली. कोणी विचारलं नव्हतं, कोणी लिहून घेत नव्हतं. नऊ महिने आणि त्यावरचे तीन, सगळे राहिलेले शब्द तिने त्या नावामागे लावले. दांडा हळू झाला. मग क्षणभर थांबला.

वास सगळ्यांना एकदमच आला. बायांनी एकमेकींकडे बघितलं.

"अक्का, लागना का वं?" ताईबाईने हळूच विचारलं.

"लागना," धुरपदाबाई म्हणाली.

तिने दोघींच्या मदतीने पातेलं उतरवलं, ओलं धोतर खाटेवर पसरलं, कोपरे ताणले. समोरच्या कौलांवरून ऊन अंगणात उतरलं होतं. हात पाण्यात बुडवून तिने घाट्याचा गोळा घेतला आणि पहिला बिबडा थापायला लागली, दरवर्षीइतकाच पातळ आणि दरवर्षीइतकाच गोल.